म्हातारीं माणसें पडतात कां?

घरांतील वडील माणूस पडलें कीं, त्याचें कारण शोधण्यास कोणालाहि फारसा वेळ लागत नाहीं. मोरींत पाणी सांडलें होतें, जिन्यांत उजेड नव्हता, सतरंजीची कड दुमडली होती, चपला गुळगुळीत झाल्या होत्या, असें कांहीं तरी हाताशीं असतेंच. आणि यांपैकीं कांहींच सांपडलें नाहीं, तर 'आतां वय झालें' हें शेवटचें उत्तर सर्वांच्या ओठांवर तयार असतें. मग मोरीला खरखरीत फरशी बसविली जाते, सतरंजी गुंडाळून माळ्यावर जाते, आणि दोन महिन्यांनीं तेंच माणूस भर दुपारच्या उजेडांत, कोरड्या जमिनीवर पुन्हां पडतें. फरशीचा दोष कधींच नसतो असें नाहीं. परंतु त्याच मोरींतून घरांतील इतर पांच माणसें रोज ये-जा करितात आणि पडत नाहींत, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पाय घसरणें किंवा अडखळणें सर्वांच्याच वांट्याला येतें. अडखळलेला पाय सांवरणें हें मात्र पुष्कळ अंशीं गुडघ्याखालच्या दोन-तीन स्नायूंचें काम आहे, आणि तें त्यांच्याकडून वेळेवर झालें नाहीं म्हणजे माणूस जमिनीवर येतें.

ही गोष्ट थोडक्या घरांपुरती नाहीं. अमेरिकेंत डॉ. मेरी टिनेटी व त्यांचे सहकारी यांनीं पंचाहत्तरी गांठलेल्या, आपापल्या घरीं राहणाऱ्या ३३६ वृद्धांवर एक वर्ष लक्ष ठेविलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत असें दिसलें कीं, त्या एका वर्षांत शेंकडा ३२ जण एकदां तरी पडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें पडल्यामुळें जगांत दरसाल सुमारें ६ लक्ष ८४ हजार माणसें प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचा भरणा सर्वांत अधिक असतो. यांतले पुष्कळ मृत्यु पडल्या जागीं होत नाहींत. खुब्याचें हाड मोडतें, अंथरूण धरावें लागतें, आणि पुढें जें होतें तें अंथरुणानें होतें.

गुडघा आणि घोटा यांच्या दरम्यान पायाला दोन अंगें आहेत. मागें पोटरी आणि पुढें नडगी. नडगीच्या हाडाला लागून, बाहेरच्या बाजूनें, एक लांबट स्नायु खालीं उतरतो व त्याची चिवट दोरी घोट्यावरून पावलाच्या आंतल्या कडेला जाऊन मिळते. टांच जमिनीवर टेकवून चवडा वर उचलला, तर नडगीच्या शेजारीं हा स्नायु टणक झालेला बोटांना लागतो. चालतांना पाऊल पुढें जात असतां चवडा वर धरून ठेवणें, एवढेंच त्याचें काम दिसतें. पण तें किती नाजूक हिशोबाचें आहे, हें कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर यांनीं मोजून दाखविलें आहे. निरोगी मनुष्य चालतो तेव्हां पुढें जाणाऱ्या पावलाचें टोंक जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर असतें. आपण रोज हजारों पावलें टाकतों तीं या अर्ध्या इंचाच्या शिलकेवर. चवडा थोडासा लोंबूं लागला कीं ती शिल्लक संपते. मग उंबरठा तर राहोच, फरशीचा किंचित् वर आलेला कोपराहि पुरतो.

पोटरीचें काम उलट दिशेचें व अधिक कष्टाचें आहे. शाळेंत तरफेचे तीन प्रकार शिकवितात; त्यांपैकीं दुसऱ्या प्रकाराला एकचाकी ढकलगाडीबरोबर चवड्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाचें उदाहरण देण्याची चाल आहे. टेकू चवड्याखालीं, भार घोट्यावर आणि जोर टांचेला जोडलेल्या पोटरीचा. प्रत्येक पावलाला शरीर पुढें लोटलें जातें तें याच जोरानें. शिवाय माणूस नुसता उभा असतो तेव्हांहि त्याचा भार घोट्याच्या किंचित् पुढें पडत असल्यामुळें पोटरीला मागून सारखा लगाम धरावा लागतो. उभें राहणें म्हणजे कांहींच न करणें असें ज्या तरुण वाचकांना वाटत असेल, त्यांनीं भिंतीजवळ डोळे मिटून दोन मिनिटें उभें राहावें व घोट्याकडे लक्ष द्यावें. (वृद्धांनीं हा प्रयोग करूं नये.) शरीर क्षणाक्षणाला पुढें-मागें झुलत असतें आणि पोटरी व नडगी आळीपाळीनें त्याला जागेवर आणीत असतात.

१९८७ सालीं अमेरिकेंत व्हिपल, वुल्फसन आणि अॅमरमन यांनीं शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांच्या गुडघ्यांची व घोट्यांची ताकद यंत्रावर मोजली. पडण्याचा इतिहास असलेल्यांची ताकद दोन्ही ठिकाणीं कमी भरली. परंतु सर्वांत मोठी तफावत चवडा वर उचलण्याच्या, तोहि जलद उचलण्याच्या, शक्तींत दिसून आली. हा 'जलद' शब्द महत्त्वाचा आहे. अडखळल्यापासून जमीन गांठेपर्यंत जेमतेम सेकंदभराचा अवधि असतो. ताकद आहे पण ती दोन सेकंदांनीं येते, अशा स्नायूचा त्या वेळीं कांहीं उपयोग होत नाहीं.

ही शक्ति जाते कशानें? वयाचा वांटा आहे, आणि तो प्रथम सांगून टाकणें बरें. वयोमानानें होणाऱ्या मांसक्षयाला १९८९ सालीं अमेरिकेंतील अर्विन रोझेनबर्ग यांनीं 'सार्कोपेनिया' असें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. स्वीडनमधील यान लेक्सेल यांनीं मृत व्यक्तींच्या मांडीचा एक संपूर्ण स्नायु तपासून १९८८ सालीं दाखविलें कीं, विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत त्याचा आडवा छेद सरासरीनें शेंकडा ४० नीं घटतो. स्नायूचे तंतू नुसते बारीक होत नाहींत, संख्येनेंहि कमी होतात. कारण पाठीच्या कण्यांतील ज्या मज्जापेशी त्यांना हुकूम देतात, त्या साठीनंतर एकेक करून गळूं लागतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकीं कांहींना शेजारची पेशी दत्तक घेते. उरलेले वाळून जातात. आणि झीज अधिक होते ती चपळ तंतूंची.

परंतु ही घट थोडीबहुत सर्वांचीच होते; तरीहि पंचाहत्तरीचे कित्येक गृहस्थ पुण्यास रोज सकाळीं पर्वती चढून उतरतांना दिसतात. तेव्हां पडणाऱ्या माणसाच्या बाबतींत नुसतें 'वय' म्हणून सोडून देणें हें नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'इयत्ता चौथी' एवढाच शेरा लिहिण्यासारखें आहे. तें खोटें नसतें, पण त्यानें समजत कांहींच नाहीं.

वयाच्या जोडीला जें सर्वांत मोठें कारण असतें तें म्हणजे स्नायु न वापरणें, आणि तें पुष्कळदां घरच्यांच्या मायेंतूनच उत्पन्न होतें. माणूस एकदां पडलें कीं घरांत ठराव होतो: आतां यांनीं उठूं नये. चहा पलंगावर येतो, ताट पलंगावर येतें, देवपूजा खुर्चीवर होते, खालच्या दुकानापर्यंत जाणें बंद होतें. 'आजोबा, तुम्ही बसा, मी आणतों,' हें नातवाचें बोलणें कानाला गोड लागतें. पण त्या प्रत्येक वेळीं पोटरीला मिळावयाचें दहा-वीस पावलांचें काम बुडतें. याची किंमत काय पडते, हें २००७ सालीं अमेरिकेंत कोर्टेबाइन व त्यांचे सहकारी यांनीं पाहिलें. सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या प्रकृतीच्या बारा जणांना त्यांनीं दहा दिवस बिछान्यावर ठेविलें. त्यांना कोणताहि रोग नव्हता. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस गेलें आणि गुडघा सरळ करण्याची ताकद शेंकडा १५ हून अधिक घटली. निरोगी माणसांची ही गत, तर ताप किंवा शस्त्रक्रिया यांच्या निमित्तानें महिनाभर पडून राहिलेल्या ऐंशीच्या आजींचे पाय काय होत असतील, याची कल्पना करावी. शिवाय बिछान्यांत पांघरुणाच्या ओझ्याखालीं पावलें खालीं लोंबून राहतात आणि पोटरी आखडते. पुढें उभें करावयाची वेळ येते तेव्हां टांच जमिनीला नीट टेकतच नाहीं.

भीतीचाहि परिणाम असाच होतो. पडण्याची धास्ती घेतलेलें माणूस पावलें लहान टाकतें, टांच आधीं न टेकवितां पाऊल फरफटत पुढें नेतें. तें अधिक सुरक्षित आहे असें त्याला वाटतें. पण टांच आधीं टेकविण्याकरितां चवडा उचलावा लागतो, हाच तर नडगीच्या स्नायूचा रोजचा व्यायाम. तो बंद झाला कीं स्नायु आणखी झिजतो, पाय आणखी फरफटतो, आणि धास्ती खरी ठरते.

यापुढचीं कारणें निराळ्या जातीचीं आहेत. त्यांत स्नायु मुळांत बरा असतो, पण त्याच्यापर्यंत येणारी तार बिघडलेली असते. शरीरांतील सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पावलापर्यंत जातात, आणि जी तार सर्वांत लांब ती आधीं बिघडते. मधुमेहांत नेमकें हेंच घडतें. प्रथम बोटांना मुंग्या, मग तळव्याखालीं कापूस असल्यासारखें वाटणें, रात्रीं आग, आणि बऱ्याच काळानें पावलांचे व नडगीचे स्नायु दुर्बळ होणें, असा हा क्रम असतो. एक खूण घरांतल्या कोणालाहि ओळखतां येईल. चालतां चालतां पायांतील चप्पल निसटून मागें राहते आणि माणूस तसेंच पुढें जातें. कोणी सांगितल्यावर त्याला कळतें. चपलेला दोष देऊन नवी आणण्यापूर्वीं रक्तांतील साखर तपासावी. अशीं माणसें 'पायांत जोर नाहीं' असें म्हणतात, पण पुष्कळदां जोर असतो. पाऊल कोठें टेकलें ही बातमीच वर पोंचत नाहीं. दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात. अंधारांत, किंवा तोंड धुतांना डोळ्यांना साबण लागून ते मिटले म्हणजे, तोल जातो. मोरींत पडणाऱ्यांपैकीं कित्येक जण पाण्यावरून घसरलेले नसून असे डोळे मिटल्यामुळें पडलेले असतात.

ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावानेंहि हाच प्रकार होतो, आणि महाराष्ट्रांतील पांढरपेशा घरांनीं याकडे विशेष लक्ष पुरविणें जरूर आहे. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. भाजीपाल्यांतून मिळत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुणें व आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश जणांच्या रक्तांत तें कमी आढळलें. उतारवयांत जठराची तें अन्नांतून सोडवून घेण्याची शक्तीहि कमी होते. शिवाय मधुमेहावर सर्रास दिलें जाणारें मेटफॉर्मिन हें औषध वर्षानुवर्षें घेतल्यास त्याचें शोषण आणखी घटतें. म्हणजे शाकाहारी, सत्तरीचा आणि मधुमेहावर गोळी घेणारा गृहस्थ तिन्ही बाजूंनीं घेरलेला असतो. त्याच्या पायांच्या मुंग्या साखरेनें आल्या कीं ब-१२ च्या अभावानें, हें रक्त तपासल्यावांचून सांगतां येत नाहीं. आणि दुसरें कारण निघालें तर उपचार स्वस्त व सोपा असतो. मात्र उशीर झाल्यास गेलेलें सर्व परत येईलच असें नाहीं.

एकाच पायाचा चवडा लोंबूं लागला, तर विचार वेगळा करावा लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित् खालीं, हाडाचें एक लहानसें टेंगूळ हाताला लागतें. चवडा उचलणारा मज्जातंतु तेथें हाडावरून, जवळजवळ कातडीखालूनच, वळसा घेतो. पायावर पाय टाकून तासन् तास बसणें, पुष्कळ वेळ उकिडवें बसणें, घट्ट प्लॅस्टर, किंवा आजारांत कुशीवर सारखें पडून राहणें यांनीं तो दाबला जातो. वजन एकाएकी उतरलेल्या माणसांत तेथली चरबीची गादी नाहींशी झाल्यामुळें हा धोका जास्त असतो. पुष्कळदां दाब काढल्यावर कांहीं आठवड्यांत अगर महिन्यांत पाय सुधारतो. तोच चवडा कमरेच्या मणक्यांत मज्जातंतूचें मूळ दाबलें गेल्यानेंहि लोंबतो. त्या वेळीं बहुधा कमरेपासून पायांत कळ उतरते.

मणक्यांतील पोकळीच अरुंद झाली असेल, तर लक्षण फार विचित्र असतें. डच शस्त्रवैद्य हेंक व्हर्बीस्ट यांनीं १९५४ सालीं त्याचें वर्णन केलें. माणूस थोडें अंतर चाललें कीं पोटऱ्या जड होतात, दुखतात, पाय लटपटतात. बसलें किंवा पुढें वांकलें कीं पांच मिनिटांत पाय पुन्हां हलके. अशीं माणसें भाजीच्या ढकलगाडीवर रेलून बाजारभर फिरतील, पण हात मोकळे ठेवून कोपऱ्यापर्यंतहि जाऊं शकणार नाहींत. घरच्यांना तें ढोंग वाटतें. तें ढोंग नसतें. वांकल्यानें मणक्यांतील जागा किंचित् वाढते, इतकेंच. मानेच्या मणक्यांत दाब असेल तर पाय लुळे न पडतां ताठ होतात, आणि त्याबरोबर सदऱ्याची गुंडी लावतांना किंवा सुईंत दोरा ओवतांना बोटें चुकूं लागतात. पाय व बोटें यांचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, म्हणून तो येथें मुद्दाम सांगितला.

यांतील दोन प्रसंग थांबण्याचे नव्हेत. एका बाजूचा पाय, हात अगर तोंड एकाएकीं दुर्बळ झालें, तर तो मेंदूंतील रक्तप्रवाहाचा घात असूं शकतो. आणि दोन्ही पायांबरोबर लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मणक्यांतील मज्जातंतूंचा झुबका दाबला गेल्याचा संशय घ्यावा. दोन्ही वेळीं त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

आहार व औषधें यांबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. ड-जीवनसत्त्वाचा अभाव, कंठस्थ ग्रंथीचे विकार, स्टेरॉइड जातीचीं औषधें आणि क्वचित् कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळ्या यांनीं येणारी दुर्बलता मुख्यतः मांड्यांत असते; अशा माणसाला खुर्चींतून उठणें व जिना चढणें जड जातें, पण चवडा उचलतां येतो. म्हणून दुर्बलता मांडींत आहे कीं गुडघ्याखालीं, हा प्रश्न वैद्य आधीं विचारतो. प्रथिनांची उणीव मात्र सर्वच स्नायूंना भोंवते. दांत गेलेल्या वृद्धांचा आहार हळुहळू चहा-बिस्किटें, मऊ भात आणि पातळ वरण यांवर येतो. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या दर किलोमागें रोज एक ग्रॅम किंवा किंचित् अधिक प्रथिनें वृद्धांना हवींत, असें आज तज्ज्ञ मानतात. तेवढीं त्या पातळ वरणांतून निघत नाहींत.

वैद्याकडे जाण्यापूर्वीं घरींच पुष्कळ पाहतां येतें. वृद्ध माणूस चालत असतां शेजारच्या खोलींत बसून नुसतें ऐकावें. टांच व चवडा यांचे दोन आवाज न येतां चवडा फटकन् आपटल्याचा आवाज येत असेल, तर नडगीचा स्नायु थकला आहे. जुन्या वहाणांचीं टोंकें पुढून झिजलीं आहेत काय, तेंहि पाहावें. मग ओट्याची कड धरवून, कोणी तरी शेजारीं उभें राहून, त्यांना टांचांवर चार पावलें आणि चवड्यांवर चार पावलें टाकावयास सांगावें. दोहोंपैकीं काय जमत नाहीं, आणि एका पायाला जमत नाहीं कीं दोन्हीं, हें कागदावर लिहून न्यावें. घेत असलेल्या सर्व गोळ्या पिशवींत घालून बरोबर न्याव्या. आणि वैद्यानें पायमोजे न काढतां, चार पावलें चालवून न पाहतां औषध लिहून दिलें, तर नम्रपणें पण स्पष्टपणें तशी विनंति करावी.

कारण सांपडो अगर न सांपडो, उरलेल्या स्नायूला काम दिलें पाहिजे. हें वय व्यायामाचें नव्हे, या समजुतीला १९९० सालीं मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बोस्टन येथें चांगलाच धक्का दिला. नव्वदीच्या दहा अशक्त आश्रमवासीयांना त्यांनीं आठ आठवडे वजनें उचलण्याचा मांड्यांचा व्यायाम दिला. नऊ जणांनीं तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीनें शेंकडा १७४ नीं वाढली आणि दोघांनीं काठी टाकली. पुढें न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठांत जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन इत्यादींनीं घरच्या घरीं करावयाचा क्रम आंखला. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय उचलणें, टांचांवर व चवड्यांवर उभें राहणें, एकापुढें एक पाऊल ठेवून चालणें, असा आठवड्यांतून तीनदां अर्धा तास, आणि त्याशिवाय फिरणें. ऐंशीच्या पुढील स्त्रियांवर केलेली त्याची चांचणी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. नंतर अशा चार चांचण्यांचा एकत्र हिशोब केला, तेव्हां पडण्याचें प्रमाण शेंकडा ३५ नीं उतरल्याचें दिसलें.

आपल्या घरांत यासाठीं स्वयंपाकाच्या ओट्याइतकी सोयीची जागा नाहीं. तो कमरेइतका उंच असतो, हलत नाहीं, आणि तेथें कोणी ना कोणी असतें. ओटा धरून दोन्ही टांचा सावकाश दहा वेळां उचलाव्या, मग टांचा टेकवून चवडे दहा वेळां. चवडे उचलतांना मागें तोल जाण्याचा संभव असतो, म्हणून पाठीशीं एक जड खुर्ची असावी. मज्जातंतु कायमचा गेल्यामुळें चवडा उचलतच नसेल, त्याला बुटांत बसणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते व ती चवडा लोंबूं देत नाहीं. आणि काठी घ्यावयाची झाल्यास ती दुर्बळ पायाच्या विरुद्ध हातांत धरावयाची असते. पुष्कळ जण ती उलट हातांत धरतात. हात सरळ खालीं सोडला असतां काठीची मूठ मनगटाच्या रेषेशीं यावी. तिच्या टोंकाचें रबरी टोपण झिजून गुळगुळीत झालें कीं तेवढें बदलतां येतें. औषधाच्या मोठ्या दुकानांत तें सुटें मिळतें.